पाचवा स्टॉप, राजघाट

४ जानेवारी २०२६, रविवार. सकाळी ११.
आजचा हेरिटेज वॉक उत्तम झाला. लोक तीन. दोघे सुरतेचे नवरा-बायको, त्यांना किल्ल्याआधीच मावा जलेबी खायची घाई. तिसरा स्वतःचा कुत्रा शोधत होता, पण त्याने दहा मिनिटं ऐकून घेतलं.
भूषण आला नाही. लॉकडाऊन सोडता एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. हा माणूस दर रविवारी दापोऱ्याहून बसने येतो, तोच वॉक सगळ्यांच्या मागे उभा राहून ऐकतो, माझी पाण्याची बाटली धरतो आणि मान डोलावतो. तब्येत बिघडली असेल. मला फरक पडत नाही. बाटली स्वतः धरावी लागली, एवढंच.

दुपारी ४.
तब्येत ठणठणीत! भूषण त्या योगेंद्रच्या वॉकला गेला होता. योगेंद्र म्हणजे लूमवाल्या लोटूचा मुलगा, वय सव्वीस, इंदूरला शिकून आलेला. 'बुऱ्हाणपूरचा क्वीअर इतिहास', म्हणजे समलिंगी आणि किन्नर लोकांचा, असा वॉक काढलाय. इतवारा मोहल्ल्यातून सुरू. माझाच वार, माझीच वेळ. लोक बावीस.
माझा विरोध नाही. मी पुढारलेला माणूस आहे. पण इतिहास म्हणजे दरवाजे, शिलालेख, सनावळ्या. आणि भूषण बावन्न वर्षांचा, कागद मिलमधून व्हीआरएस घेऊन केळी लावणारा माणूस. त्याचं तिथे काय काम?

६ जानेवारी.
संकल्प: भूषणला अजिबात फोन करायचा नाही.
दुपारी केला. फक्त तब्येत विचारायला. म्हणाला, पोरगा फार मनापासून बोलतो रे. मी विचारलं, मग मी कुठून बोलतो? म्हणाला, तू सनावळ्या छान सांगतोस.
ही तारीफ आहे असं मी धरतो.

९ जानेवारी.
योगेंद्र घरी आला. पाया पडला. सर, आपका आशीर्वाद चाहिए, वॉकमध्ये काही गलती असेल तर बता दो, म्हणाला. त्याच्या नोट्स वाचल्या. पाच स्टॉप: किन्नर गुरूंची गादी, मग लूमवर काम करणाऱ्या आणि तीस वर्षं एका खोलीत राहिलेल्या दोघी जणी, असं करत शेवटी तापीवरचा राजघाट. राजघाटापुढे काहीच लिहिलेलं नाही. विचारलं, तर म्हणाला तिथे एक काका स्वतःच बोलतात.
मी अकरा चुका काढल्या. त्याने अकराही लिहून घेतल्या आणि थँक्यू म्हणाला. फार धूर्त आहे. कोकिळाताईने त्याला पोहे दिले. दोनदा. माझी सख्खी मोठी बहीण!

११ जानेवारी, रविवार.
माझा वॉक: लोक शून्य. कुत्राही नाही.
चहावाल्या पंडितने मुद्दाम हाक मारून सांगितलं की भूषण योगेंद्रच्या मागे चालला होता आणि योगेंद्रची पाण्याची बाटली धरली होती.
बाटली.
जेवण गेलं नाही. ॲसिडिटी असावी.

१४ जानेवारी, संक्रांत.
दरवर्षी भूषण तिळगूळ घेऊन येतो. संध्याकाळपर्यंत तीन वेळा दार उघडून पाहिलं. हवेसाठी. ताई म्हणाली, त्या पोरावर कशाला जळतो रे बापा, जा ना दापोऱ्याला, भेटून ये. मी म्हणालो, जळायचा संबंध काय, भूषण माझा मित्र आहे, मित्राची काळजी वाटते. ती म्हणाली, पन्नाशी उलटली तुझी, मला काय दिसत नाही का?
मी म्हणालो, दिसण्याला अर्थ नाही, पुरावा लागतो. ती तिळाचे लाडू वळत राहिली.

१७ जानेवारी.
ठरलं. उद्या माझा वॉक रद्द. योगेंद्रच्या वॉकला गुप्तपणे जायचं. उद्देश फक्त तथ्यं तपासणे. माकडटोपी आणि ताईचा काळा चष्मा काढून ठेवलाय. तोंड उघडायचं नाही.

१८ जानेवारी, रविवार. दुपारी २.
चार स्टॉप तोंड मिटून काढले. राजघाटावर योगेंद्र म्हणाला, आता भूषणकाका बोलतील. भूषण पायऱ्यांवर उभा राहिला. म्हणाला, सहा सप्टेंबर दोन हजार अठरा. दुपारी टीव्हीवर कोर्टाचा निकाल आला की आपण गुन्हेगार नाही. मी एकाला फोन केला, सहा वाजता घाटावर ये, इतकी वर्षं एक गोष्ट बोलायची राहिली आहे. दोन चहा घेऊन सात वाजेपर्यंत इथे बसलो. तो आला नाही. कामाचा माणूस, टुरिस्टांत अडकला असेल.
वॉकला आलेल्या पोरींच्या डोळ्यांत पाणी. पण त्यात दोन चुका होत्या. एकोणीस वर्षांची सवय. मी मागून म्हणालो, साडेसात. आणि चहा नव्हता, मावा जलेबी होती, पुड्यातून पाक गळत होता.
सगळे वळले. योगेंद्रने वही काढून विचारलं, सर, सोर्स?
भूषण जवळ आला, माझ्या डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि विचारलं, कुठे होतास? मी म्हणालो, वर, वळणावर. चाळीस पावलांवर. दीड तास.
भूषण म्हणाला, आणि मी सात वर्षं समजत होतो की तुला यायला जमलं नाही. म्हणून तर दर रविवारी येत राहिलो.
बाटली योगेंद्रच्या हातात दिली आणि बसस्टँडकडे गेला.

१९ जानेवारी.
फोन केला. उचलला नाही.
माहिती माझीच बरोबर होती. पहिल्यांदा वाटतंय, चुकीचीच राहू द्यायला हवी होती.

२२ जानेवारी.
दापोऱ्याच्या बसमध्ये बसलो. सुटायच्या आधी उतरलो. गर्दी होती.

२५ जानेवारी, रविवार.
काल योगेंद्रचा फोन आला होता. भूषणकाका यापुढे येणार नाहीत, पण म्हणाले की स्टॉप ठेव, बरोबर माहितीसह. ती तुमच्याशिवाय कुणाकडे नाही, सर, आप आ जाओ.
गेलो. माकडटोपी न घालता. लोक एकतीस. आयुष्यात एवढे लोक माझ्यासमोर उभे राहिले नव्हते. राजघाटावर तारीख सांगितली. वेळ सांगितली. कोण कुठे होतं ते बोट करून दाखवलं. न आलेल्याचं नाव विचारलं, तर माझं सांगितलं.
मागून एका मुलीने विचारलं, अंकल, मग तुम्ही ती चाळीस पावलं उतरला का नाहीत?
मी म्हणालो, चला, पुढच्या स्टॉपवर सांगतो.
कुणी हललं नाही. पुढे स्टॉप नव्हता.