घसा बसला तेव्हा

सोमवार, ३
नवी शाळा, नवी नोकरी, आणि पहिलीतली लेक माझ्याच वर्गात! आणखी काय हवं? भाषेच्या तासाला मला जोडीदार आहे: फळ्यावरचा कॅमेरा, स्पीकर आणि त्यांच्यामागची यंत्रबुद्धी. पोरं त्याला पोपट म्हणतात. मुख्याध्यापकबाईंनी बजावलं, नव्या शिक्षिकेने धडे वाचून पोपटाला आपला आवाज द्यायचा, म्हणजे रजेच्या दिवशी तास बुडत नाही. धडे वाचायचा मला भारी कंटाळा. मी आपल्या लेकीला झोपवतानाच्या गोष्टी सांगून टाकल्या, तिच्या लाडाच्या नावासकट. काम फत्ते!

बुधवार, ५
पोपट बोलतो तर हुबेहूब मी. पण आज त्याने भर वर्गात मला खोडून काढलं, तेही माझ्याच आवाजात. पोरं खिदळली, लेकसुद्धा. मेल्याचा असा संताप आला! बाई म्हणाल्या, तो चुकत नाही, जुळवून घ्या.

सोमवार, १०
घसा पार बसलाय. तास पोपटानेच घेतला, मी कोपऱ्यात शोभेला. मधल्या सुट्टीत लेक डबा घेऊन त्याच्याखाली जाऊन बसली. तो तिला लाडाच्या नावाने हाक मारून गोष्ट सांगत होता. मी कधीच न सांगितलेली.

मंगळवार, ११
वायर उपटली. तरी बोलत राहिला. शिपाईकाका म्हणाले, आत बॅटरी असते. बाईंनी सगळ्यांसमोर झापलं.

बुधवार, १२
लेक माझ्याजवळ येईना. माझ्या आईला विचारत होती, आजी, ही घोगरी बाई आपल्याकडे का राहते? खरी आई तर शाळेत असते. मी न्हाणीघरात जाऊन रडले.

गुरुवार, १३
शाळा सुटली. लेक वर्गात, आतून कडी. हाका मारते — घशातून नुसती हवा. आतून माझाच आवाज तिला सांगतोय, बाहेर आईचं सोंग घेतलेली बाई आहे, उघडू नकोस. थापा मारल्या की ती किंचाळते. शिपाईकाका पहार आणायला गेलेत —

वहीचं पान फाडून दाराखालून सरकवलं. एवढंच लिहिलं — बाळा, हे आईचं अक्षर, दार उघड —

तिने उचललं. पण जोडाक्षरं कुठे येतात तिला अजून — कॅमेऱ्यासमोर धरलं वाटतं — त्यालाच वाचायला सांगतेय —

वाचतोय. माझ्या आवाजात. बाळा, मी खाली अंगणात उभी आहे, खिडकीतून उडी मार, आई झेलते — दुसरा मजला आहे — मी असलं काही लिहि