बिनमटणाचा नवस

८ जानेवारी, बुधवार

उपास संपला. आता काय सांगू?

त्रेचाळीस दिवस नाताळच्या उपासाने माझी लाज राखली. माझा नवरा वगीह कामाला होता तो संगमरवराचा कारखाना बंद पडला आणि दुसऱ्याच आठवड्यात उपास लागला. चर्चच्या सगळ्या घरांत तेच शिजत होतं, मसूर नाहीतर बाकल्याचे सुके दाणे. आमच्याकडे मटण का नाही, हे कोण विचारणार? काल सात जानेवारी, आमचा नाताळ, म्हणून सणाची एक कोंबडी आणली. पाच माणसांत एक. बिशोयने हाडंसुद्धा चावून टाकली.

आजचा दिवस निभावला, कारण बुधवार-शुक्रवार तसेही उपासाचेच. पण उद्या गुरुवार!

वगीह अजून रोज सकाळी डबा घेऊन निघतो, कारखान्यात जातो म्हणून. उभा राहतो मजुरांच्या नाक्यावर. त्याची एकच अट — आईला कळता कामा नये, मुलांना तर नाहीच. मीही हो म्हणून बसलेय. झाकली मूठ सव्वा लाखाची.

९ जानेवारी

विचारलंच त्याने. पिवळ्या मसुरीच्या सुपात चमचा फिरवत बिशोय म्हणाला, "आई, उपास संपला ना? मग हे काय?" नऊ वर्षांचं पोर, त्याचं काय चुकलं? वगीह मान खाली घालून पाव मोडत बसला. मारीहान भावाला टेबलाखालून लाथ मारत होती.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं. म्हटलं, मी नवस बोललेय. आजी स्वतःच्या पायाने चर्चला चालत जाईपर्यंत या घरात मटण, अंडं, दूध काही शिजणार नाही.

सासूबाई जिन्यावरून पडल्या त्याला दोन महिने झाले. खिडकीपाशी बाकावर बसून असतात. त्यांनी माझा हात धरला तो सोडेचनात. डोळ्यांतून पाणी.

मी काहीही बोलले नव्हते. कुठल्या संताला नाही, देवाला नाही. हे इथे तरी खरं लिहिते.

१३ जानेवारी

कपाटात आहे ते: रेशनचा तांदूळ, मॅकरोनी, मसूर, बाकले, अर्धी गोणी कांदे, गेल्या उन्हाळ्यात वाळवलेली मोलोखियाची पानं. लसूण भरपूर. याच्यातून रोज नवीन काय काढायचं, एवढाच विचार.

आज कोशरी केली. कांदा जवळजवळ काळा होईपर्यंत तळायचा, मग त्याच तेलात भात परतायचा. मसूर, मॅकरोनी, वरून व्हिनेगर-लसणाचं पाणी. पोट तुडुंब भरतं आणि मटणाची आठवण येत नाही. मला तरी येत नाही.

सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, माझी नबीला कोंड्याचा मांडा करते. ऐकून मी मोरीत जाऊन उभी राहिले.

१९ जानेवारी, रविवार

आज बाप्तिस्म्याचा सण. जिन्यातल्या प्रत्येक दारातून अळकुड्या आणि मटणाचा वास. आमच्याकडे नुसत्या अळकुड्या, चार्डच्या पाल्यात. चव चांगली होती, हे सगळ्यांनी दोन-दोनदा सांगितलं.

त्याआधी चर्चमध्ये आमच्या पाद्रींनी, अबूना शारूबीमनी, प्रवचनात माझं नाव घेतलं. सासूसाठी अख्खं घर उपासावर ठेवणारी, बायबलातल्या रूथसारखी सून म्हणे. बायका वळून वळून बघत होत्या. पापाची कबुली द्यायला मी नोव्हेंबरपासून गेलेले नाही. आता तर कुठल्या तोंडाने जाऊ?

२४ जानेवारी

सासूबाई आज चार पावलं चालल्या. बाक ते दार. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मी मात्र मोजत बसले. चर्च इथून चारशे पावलांवर. ईस्टरआधीचा मोठा उपास लागायला अजून महिना आहे.

म्हाताऱ्या बाईने चालू नये असं वाटणारी मी कोण बाई आहे?

२९ जानेवारी

अबूना घरी आले होते. सासूबाईंना म्हणाले, आजारी माणसाला सूट असते, रोज एक अंडं खा, हाड भरून येईल. सासूबाई म्हणाल्या, "नातवंडं माझ्यापायी मसूर खातात, आणि मी अंडं गिळू? घशाखाली उतरेल का?"

आणि माझ्याकडे बघून हसल्या.

२ फेब्रुवारी

गॅस संपला. बरंच झालं! शलौलौ केलं. वाळलेली मोलोखिया हाताने चुरली, गार पाणी, लसूण, लिंबू, मिरची, की झालं. शेगडीच लागत नाही. मारीहान म्हणाली, "आई, उद्या ताटंसुद्धा लागणार नाहीत असं काहीतरी कर." वगीह हसला. किती दिवसांनी! सासूबाईंनी दोनदा वाढून घेतलं आणि त्यांच्या गावच्या बायका शेतावर हेच कसं न्यायच्या ते सांगत बसल्या.

जेवण झाल्यावर बिशोय रोजच्यासारखा आजीचा गुडघा चोळत होता. तिला म्हणतो, लवकर चाल गं, मला कोंबडी खायचीय.

६ फेब्रुवारी

सासूबाईंच्या काठीखालचं रबर झिजलंय, फरशीवर घसरते. नवं आण म्हणाल्या. तीन दिवस मी सांगतेय, विसरले.

विसरले नाही. दुकान बेकरीच्या शेजारीच आहे. रोज पाव आणते तिथून.

७ फेब्रुवारी

रबर आणलं. स्वतःच बसवलं. त्या पडल्या असत्या तर? रात्रभर तेच डोळ्यांसमोर होतं.

१० फेब्रुवारी

निनव्याचा उपास, चर्चमध्ये सगळ्यांचाच, तीन दिवस. हे तीन दिवस तरी मी खोटी नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

चालत गेल्या. एका हाताला काठी, दुसऱ्या हाताला कोणी नाही. वगीहने पुढे केलेला हात त्यांनी झिडकारला. तीनदा थांबल्या. पोहोचल्यावर घंटा वाजवणाऱ्यानेसुद्धा डोळे पुसले. मी हुंदके देऊन रडले, आणि लोकांना वाटलं आनंदाने. थोडा आनंदही होता. हे खोटं नाही.

१७ फेब्रुवारी

आता नवस फेडायचा! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

सासूबाईंनी हातातली सोन्याची बांगडी काढून वगीहपुढे ठेवली, मेंढा आण म्हणाल्या. लग्नातली बांगडी. त्यांच्या माहेरची रीत अशी की नवसाच्या मटणाचा तुकडाही घरी ठेवायचा नाही, सगळं गरिबांना वाटायचं. बिशोय रडायला लागला. वगीह उठून बाहेर गेला.

मी खूप धीर करून म्हटलं, "आई, नवस माझा होता. तुम्ही नका फेडू. मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

त्यांनी मला बोलूच दिलं नाही. "देवाला दिलेला शब्द आहे, नबीला. कोणी का फेडेना."

उद्या सांगते. नक्की.

१९ फेब्रुवारी

सांगितलं नाही. बांगडी विकली गेली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी मेंढा कापला. बारा पुड्या बांधल्या. सासूबाईंनी गरीब घरांची यादी माझ्या हातात दिली. त्यांना लिहिता येत नाही, अक्षर मारीहानचं. म्हणाल्या, "वरून सुरुवात कर. क्रम चुकवू नकोस."

पहिलं नाव माझ्या नवऱ्याचं. पुढे लिहिलंय — माणसं पाच, पुडी मोठी.