व्याहीभेटीत उपटलेली चामखीळ

ती. इस्तारीभाऊ, मुक्काम कुरखेडा, यांना सिंदेवाहीहून मुखरूचा रामराम. प्रेमिलाबाईंना नमस्कार, जावईबापूंना आशीर्वाद. आपल्याकडे सगळ्यांची प्रकृती उत्तम असेलच. आमचीही होती, साक्षगंधाच्या दिवशी तुम्ही आमच्या अंगणात पाऊल ठेवलं तोपर्यंत. (फोन न करता पत्र का, असं विचाराल. मान वळत नाही, फोन कानाला लागत नाही, आणि लागला तरी तुम्ही नुसतं 'हव, हव' म्हणून ठेवून देता.)

भाऊ, व्याहीभेट म्हणजे काय असते? दोघा व्याह्यांनी गुलाल लावायचा, छातीला छाती लावून भेटायचं आणि जेवायला बसायचं. एवढा साधा कार्यक्रम. तुम्ही मात्र मला मिठी मारलीत, नाक माझ्या मानेत खुपसलंत आणि सोडायलाच तयार नाही. मला वाटलं, माणसाला भरून आलं असेल. मग कानात आवाज आला, "व्याही, हालू नका. गोचीड लागून आहे तुमाले." आणि पाठोपाठ तुमची चिमूट!

ती चामखीळ होती. माझ्या दिव्यानीच्या जन्माआधीपासूनची. तिने आजवर कुणाचं काही बिघडवलं नाही, सदरा घालताना जरा अडायची इतकंच. तुम्ही जन्मभर बैलांच्या गोचिड्या काढल्या हे मला मान्य आहे, पण बैलाला आणि व्याह्याला एकच नजर लावायची? ती अर्धवट तुटली, रक्त आलं, तेव्हा तरी माणसाने थांबावं. तुम्ही मांडवाकडे वळून जाहीर केलंत, "डोस्कं अंदर राह्यलं." चामखिळीला डोकं! त्यावर साऱ्या पाहुण्यांना एकदम वैद्यकी सुचली. एकाने तंबाखू-चुन्याचा लेप थापला. दुसरा रॉकेल शोधत गावभर फिरला (रेशनवर रॉकेल मिळत नाही, हे सरकारचे माझ्यावर उपकारच). शेवटी प्रेमिलाबाईंनी बिब्बा मागवला, सुईला टोचून तापवला आणि मोठ्या मायेने मानेला टेकवला. मी वरबाप नाही, वधूचा बाप. ओरडायचीही सोय नव्हती.

बिब्बा असा उतला की रात्रीपर्यंत मान आणि खांदा एक झाले. साक्षगंधाच्या एकूण एक फोटोत मी तिरपा आहे. आमच्या सौ. शकुबाई ते फोटो बघून पदर तोंडाला लावतात, आणि त्या रडत नाहीत, हे मला दिसतं.

मग ब्रह्मपुरीला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी माझी मान बघून आधी हे कुणी केलं ते विचारलं. मग म्हणाल्या, चामखीळ निरुपद्रवी असते, काही केलं नाही तरी चालतं. फारच अडचण झाली तर ती जागा बधिर करून अलगद काढून देता येते. आता मात्र आधी बिब्ब्याची जखम भरायला हवी. मी चिडून सदराच काढला आणि अंगावरचा सगळा माल दाखवला. खांद्यावरची मऊ गाठ, जी बोटाखाली सरकते, ती चरबीची, राहू द्या. पाठीवरचे मेणासारखे काळपट ठिपके वयाचे, राहू द्या. म्हणजे सगळं राहू देण्यासारखं होतं, आणि तुम्ही राहू दिलं नाही!

तेव्हा माझं म्हणणं ऐका. येत्या मंगळवारी ब्रह्मपुरीला त्या दवाखान्यात हजर व्हा आणि डॉक्टरीणबाईंच्या तोंडावर कबूल करा, की ती गोचीड नव्हती. नाही आलात तर ही सोयरीक मोडली असं समजा. मुलीचा बाप असलो तरी मान मलाही आहे, सुजलेली का असेना.

आपला संतप्त,
मुखरू

ता. क. सोयरीक मोडल्याचं दिव्यानीला अजून सांगितलेलं नाही. ती आणि सूरजराव रोज फोनवर शालूचा रंग ठरवतात, मध्ये बोलायला जागा मिळत नाही. तेव्हा मोडल्याचं तूर्त तुमच्याआमच्यातच ठेवा.

ता. क. आणखी एक. साक्षगंधाला तुमचे पाय मीच धुतले. डाव्या तळव्यावर काळा डाग दिसला, कडा फाटलेल्या, मध्ये ओलसर. तुम्ही म्हणालात, धानाच्या बांधीत रोवणं करताना काटा रुतला होता, तेव्हापासून वाढतो आहे. बाईंना मी ते सहज सांगितलं, तर त्यांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवला. काही नसेलही म्हणाल्या, पण वाढणारा आणि ओलसर राहणारा डाग बघितल्याशिवाय सांगता येत नाही, त्यांना लवकर आणा. भाऊ, माझं मन थाऱ्यावर नाही. त्याला बिब्बा लावू नका, सुई लावू नका, प्रेमिलाबाईंना त्या पायाजवळ फिरकू देऊ नका. नुसतं बोलावलं असतं तर रोवण्याचं, बैलाचं काहीतरी निमित्त सांगून तुम्ही आला नसता, म्हणून वरचं भांडण लिहिलं. कबुली राहू द्या. ती गोचीडच होती, मी चारचौघांत सांगतो. पण मंगळवारी या.