दुधातली साखर

४ मार्च

बाळाला बघायला पहिल्या आल्या त्या विहीणबाई! मागून त्यांची जाऊ, लोकरीची टोपी घेऊन – एवढी मोठी की पिटुकलीची दोन डोकी मावतील. हसून हसून पोट दुखलं. शुक्रवारी नात झाली मला! नाक माझ्यावर गेलंय, म्हणजे चपटंच. पण प्यायली की ओकते. मी आपलं म्हटलं, दूध बाधत असेल का हो? विहीणबाई केवढ्या फणकारल्या! 'आईचं दूध कधी बाधतं का? माझ्या लेकीला नावं ठेवू नका.' टोपी छान आहे तशी.

६ मार्च

पिटुकली पिवळीजर्द पडलीय. दवाखान्यात ठेवलं. डोळे उघडत नाही. काय करू?

७ मार्च

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दूध बंद. आत्ताच्या आत्ता. आईचंसुद्धा! सोयाबीनचं द्या. टाचेतून रक्त नेलंय, पक्कं कळेल तेव्हा कळेल, तोवर थांबायचं नाही. विहीणबाई दारात आडव्या – 'लेकराला उपाशी मारता का!' सूनबाईचा झगा दुधानं भिजलेला.

मला कळेना, दुधात असं काय आहे? लेकीची लेक अकरावीत आहे, जीवशास्त्र शिकते, आम्ही तिला मास्तरीणच म्हणतो. बाकावर बसून तिलाच विचारलं. तिनं डब्यातला पाव दिला. 'आजी, चावत राहा. गिळू नकोस.' मी कवळीवाली बाई, बसले चावत! बऱ्याच वेळानं गोड लागायला लागलं. खरंच! वर साखर कुठे होती?

'पावातलं पीठ म्हणजे साखरेच्या मण्यांची माळ. तुझ्या लाळेतलं विकर, म्हणजे एन्झाइम, ती तोडतं. एका विकराचं एकच काम.'

मी म्हटलं, म्हणजे आमचा नळवाला. नळ बघेल, पंख्याला हात लावणार नाही.

'तस्संच! दुधातली साखर दोन मण्यांची. पिटुकली ती तोडते बरोबर. पण त्यातल्या एका मण्याचं, गॅलॅक्टोजचं, पुढे ग्लुकोज करावं लागतं. ते करणारं विकरच तिच्यात नाही असं वाटतंय. मग तो साचतो. यकृत बिघडतं.'

'मग आणा की ते विकर! कुठे मिळतं?'

'मिळत नाही गं, आजी.'

तोंडातला गोडवा जाईना. थुंकून टाकावासा वाटला.

८ मार्च

अजून तशीच. सोयाबीनचं दोन चमचे गेलं. देवा, माझं विकर घे रे, मला काय करायचंय आता!

९ मार्च

ओकली नाही!!

१२ मार्च

रक्ताचा निकाल आला. तेच निघालं. जन्मभर दूध वर्ज्य. असू दे! डोळे उघडून बघते, रडते – आवाजही माझ्यावरच, अख्खा मजला जागा होतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा दोष आईबाप दोघांकडून थोडा थोडा येतो, त्यांना स्वतःला काही होत नाही. आईच्या दुधात खोट नसतेच. विहीणबाई ऐकत होत्या. पिशवी उचलून निघून गेल्या. मला वाटलं, रागावल्या.

१३ मार्च

विहीणबाई आज एकट्याच आल्या. पिटुकलीला मांडीवर घेतलं, बाटली स्वतः धरली. तिच्याकडेच बघत म्हणाल्या, 'माझी पहिली लेक अशीच पिवळी पडून गेली. सासूबाई म्हणायच्या, तुझ्याच दुधानं मेली.'

मी म्हटलं, 'दूध चांगलंच होतं हो तुमचं.'

रविवारी परत येते म्हणाल्या.