जास्तीच्या दोन चकत्या

आण्णा, आज धाराशिवच्या मैदानावर मी एका पोरीचा पाय मोजला. सुताराचं पोर करवत सोडून खेळाचा मास्तर झालं, म्हणून तुम्ही शेवटपर्यंत नाक मुरडत होतात. आज मापाला तुमचीच दोरी कामाला आली बघा. खिशात टेप होता की, पण हात पिशवीतल्या दोरीकडंच गेला. आता कळंबला घरी येऊन ओट्यावर बसलोय. तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडंना. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार, असं तुमची सून विचारते. तिला म्हटलं, आधी लिहून तर होऊ दे.

मी सातवीत असताना घोणस चावली आणि सोलापूरच्या दवाखान्यात माझा डावा पाय गुडघ्याखाली काढला, तिथून ही गोष्ट सुरू होते. फुकट पाय वाटायच्या शिबिरात मिळालेला पाय चालायला बरा होता, पण पळायला लागलं की तळव्यात मोडायचा. दोनदा मोडला. तिसऱ्यांदा तुम्ही तो कामाच्या छपरात घेऊन बसलात. वरची खोळ तीच ठेवलीत, खाली बाभळीचा दांडका तासून बसवलात, पाऊल ट्रकच्या टायरचं. आई शाळेचा सदरा वाढत्या अंगाचा घ्यायची, तसा तुम्ही पाय वाढत्या अंगाचा केलात. दांडका आणि पाऊल यांच्यामधे टायरच्या चकत्या, एकेक बोट जाडीच्या, लांब पेचांनी आवळलेल्या. पुढच्या वर्षांच्या चकत्या बिस्किटाच्या डब्यात. खंडेनवमीला करवत, रंधा, पटाशीला हळदकुंकू वाहिलं की तुम्ही मला चौकटीपाशी उभं करता, कमरेच्या दोन्ही हाडांवर दोरी धरता, एक डोळा मिटता. मी वाढलो असेन तर एक चकती घालता, नसेन तर म्हणता, "औंदा जेवला न्हाईस रं नीट." सूतभर फरकसुद्धा तुमच्या डोळ्याला खुपायचा. लांबून लोक औत जुळवून घ्यायला आपल्याकडं यायचे ते त्या डोळ्यासाठी.

आपल्या गावच्या जत्रेतली पळायची शर्यत आठवते ना? आदल्या साली मी शेवटून पहिला आलो होतो. पोरं हसली होती, ते डोक्यात बसलं होतं. म्हणून शर्यतीच्या दुपारी तुम्ही जेवायला गेल्यावर मी डबा उघडला आणि पेच सोडून दोन चकत्या जास्तीच्या घातल्या. माझा हिशेब सोपा होता, लांब पाय म्हणजे लांब ढांग. किती शहाणा होतो बघा! कंबर एका अंगाला वर ओढली गेली होती, जांघेत कळ मारत होती, तरी दात-ओठ खाऊन पळालो आणि पहिला आलो. हातात पितळी तांब्या पडला. हलगी वाजायच्या आतच दुसऱ्या नंबरच्या पोराचा चुलता मधी आला. "ह्येचा एकच पाय दमतो, आमच्या पोराचं दोन दमत्यात. लाकडाला कधी गोळा आलेला बघितलाय का कुणी?" लोक हसले, काहीजण 'व्हय व्हय' करायला लागले. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही माझ्या खांद्याकडं बघत होतात. खांदा तिरपा होता.

मला वाटलं, आता इथंच थोबाडात बसणार. तुम्ही पुढं आलात, माझ्या हातातला तांब्या घेतलात, पंचांच्या पुढ्यात ठेवलात, आणि सगळ्या गावासमोर म्हणालात, "माप माझं चुकलं. पाय दोन बोटं लांब झालाय. पोराची चूक न्हाय." सुताराच्या तोंडून आलेलं ते वाक्य. मला तेव्हा त्याचं वजन कळलं नाही. घरी आल्यावर तुम्ही पेच सोडलेत, दोन चकत्या काढून डब्यात टाकल्यात, आणि एवढंच म्हणालात, "मापाला हात लावू न्हाय." पुन्हा तो विषय नाही. पुढं कितीतरी दिवस औत घेऊन येणारा येताजाता टोमणा मारायचा, "मिस्त्री, माप बघून घ्या हां." तुम्ही रंधा मारत राहायचात, मी तिथंच भुशात बसून ढलप्या गोळा करायचो. तुमचं नाव मी खराब केलं होतं, आणि तेही फुकट मिळालेल्या पहिल्या नंबरासाठी, हे ओझं मी इतकी वर्षं वागवलं.

आजच्या जिल्हा स्पर्धेतली पोर नळदुर्गकडची, नववीतली. रस्त्यावरच्या अपघातात पाय गेलेला. तिला पळायचा पाय मिळालाय, आण्णा, तुम्ही बघायला पाहिजे होता. लाकूड नाही, टायर नाही, खुरप्यासारखं वाकलेलं काळं पातं. दोनशे मीटरला ती दुसरी आली. पहिल्या दोघी विभागाच्या स्पर्धेला जाणार, म्हणजे तिसरी पोर घरी. तिसरीचे सर तावातावानं आले, "ही स्प्रिंग आहे सर! उद्या सगळ्याच लावून येतील." मैदानावर गलका. स्पर्धेचे प्रमुख माझ्या पायाकडं बघून म्हणाले, "तुम्हीच बघा, तुम्हाला यातलं कळतं." पोर खाली मान घालून उभी होती, खांदे मात्र सरळ. तुमचा एक डोळा मिटायचा, तसाच मीपण मिटला. दोरी कमरेच्या हाडांवर धरली. सूतभर फरक नाही. हे माप चांगल्या पायाच्या बरोबरीनं घेतलेलं होतं.

तिला पाय बसवून देणाऱ्या बाई सोबत आल्या होत्या, पोक्त, रोखठोक. मी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, आणि हा पाय दोन बोटं लांब केला असता तर? बाई हसल्या. "मग पळून दाखवेल का ती? एक पाय देवाचा आहे ना, त्याच्याशी जमायला नको? कंबर हिसके खाईल, प्रत्येक ढांगेला अंग वर उचलावं लागेल. फायदा कसला, लांब पायानं ही मागं पडेल." आण्णा, मी तिथल्या तिथं खुर्चीवर बसलो. बाईंना वाटलं मला चक्कर आली. म्हणजे त्या दिवशी मी दोन बोटांचं लोढणं बांधून पळालो होतो! नियत खोटी होती, ते आहेच. पण चकत्यांनी मला काही दिलं नव्हतं, उलट घेतलं होतं. पहिला नंबर माझ्या छातीनं आणला होता. तुमचा पाय तुमच्या मापात ठेवला असता, तर तांब्या आणखी लवकर हातात आला असता.

मग मी उठलो आणि सगळ्यांसमोर बोललो. पातं नीट मापात आहे, असं सांगितलं. आणि कुणी न विचारता हेही सांगितलं, की मी लहानपणी चोरून पाय लांब केला होता आणि माझ्या वडिलांनी ती चूक स्वतःच्या अंगावर घेतली होती, त्यांचं माप कधीच चुकलं नव्हतं. ते सर म्हणाले, "पण पातं दमत नाही, हे तर खरं ना?" खरं आहे. बाईपण नाही म्हणाल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की सुरुवातीला आणि वळणावर ही मागं राहते, दाबलं तेवढंच पातं परत देतं, आणि फायदा जास्त की तोटा, हे तराजूत घालून दाखवणारी मी कोण? निकाल तसाच ठेवला. वरचे लोक काय म्हणतील ते म्हणोत. तिसरी पोर पायरीवर बसून रडत होती, तिला पाणी नेऊन दिलं. ती म्हणाली, "सर, मी पण खरंच पळाले." "व्हय ग बाई," म्हटलं. आणि तिच्या शेजारी पायरीवर टेकलो.

येताना एसटीत खिडकीशी बसलो आणि कित्येक वर्षांनी गाढ झोपलो, कळंबला कंडक्टरनं हलवून उठवलं. तो बिस्किटाचा डबा अजून माझ्याकडं आहे, चकत्या कडक होऊन चिरल्यात. हे पत्र घडी करून त्यातच ठेवतो. एक गोष्ट मात्र आज मैदानावर सगळं बोललो तरी बोललो नाही. सगळ्या गावासमोर तुम्ही "माप माझं चुकलं" म्हणालात ना, तेव्हा, आण्णा, मला बरं वाटलं होतं.