सीतेच्या वेणीला पाणी कवा घालायचं

बनू पोरी,

रडून रडून तुझा आताशी डोळा लागला, म्हणून उठवली नाय. तुझ्या म्हायेरची सीतेची वेणी मेली नाय गो. सासूनं मायेनंच तिला तुळशीवानी शेणमातीत रोवली नि सांज-सकाळ तांब्या ओतला, म्हणून कुजाया लागली. आंब्याच्या फांदीवर वाऱ्यात वाढल्याली ती, तिला माती कशाला?

कुजल्याल्या मुळ्या मी कापल्या. फुटक्या मडक्याला भोकं पाडून नारळाची सोडणं नि कोळसे भरले, त्यात तिला बसवून माजघराच्या खिडकीत टांगलीय. मुळ्या पांढऱ्या दिसल्या तरच पाणी शिपड, हिरव्या हायेत तवर नको. सासूच्या हातात तांब्या दिसला तर सांग, मामंजींनी तिला उपास धरायला लावलाय.

आता मी तुझ्या म्हायेरी, कुडपणाला निघालोय. ही नाय जगली तर दुसरी वेणी आणतो, असं सासूला सांगितलंय. खरं म्हंजे तुझ्या आयेला संगती घेऊन येणार हाय. लगीन झाल्यापासून तुला म्हायेरी धाडली नाय, ते मला बरं वाटत नाय. आये दारात आली की सासू काय बोलायची नाय. पाव्हणी आल्यावर तिच्याइतकी गोड बाई उभ्या पोलादपुरात नाय.

तवर चार घास खा. चिठ्ठीत काय लिवलंय ते सासू विचारील. तिला वाचता येत नाय, तुला येतं, ह्यातच आपलं बरं हाय. पाण्यापतुर वाचून दाखव नि घडी घाल.

— मामंजी