गुळाखालचा गर्डर

अहो,

रस्त्याकडची भिंत फोडून भांड्यांच्या दुकानाला रुंद तोंड मिळणार, आणि माडीवर दडवलेल्या गुळाला पुढं भावही मिळणार, असा दुहेरी फायदा तुम्ही धरला होता. मीरासाब मिस्त्रीनं "वर काय असतंय?" विचारलं, तेव्हा "आईची खाट" एवढंच सांगितलंत. पेठेत बभ्रा नको ना! त्यानं बिचाऱ्यानं खाटेपुरता गर्डर घातला.

तुम्ही शाहूवाडीला गेलात आणि काल त्यानं टेकू काढले. आज सकाळी बघते तर माडीच्या भिंतीला बोट जाईल एवढी चीर. मी मिस्त्रीला गुळाचं सांगून टाकलं. कपाळावर हात मारून म्हणाला, "वहिनी, गुळाच्या एवढ्या रव्यांना दुप्पट जाड गर्डर लागतोय की!"

टेकू परत लावलेत, त्यांना हात लावू नका. गूळ उतरवून अडत्याकडं धाडला, मिळेल त्या भावाला. नवा गर्डर त्यातूनच येईल. भाकरी दुरडीत झाकली आहे. तिच्याबरोबर गूळ शोधू नका.

तुमच्या आईंना, आत्याबाईंना, घेऊन मी कोडोलीला माहेरी चालले. गर्डर बसेपर्यंत येणार नाही.

भिंत कडाडली ती रात्रीच. त्यांनी ऐकलं, खाट कोपऱ्यात ओढली आणि उजाडेपर्यंत बसून राहिल्या. मला का उठवलं नाही विचारलं, तर म्हणाल्या, "गप की गं, पोराचं दुकान थांबंल."

दुकान तुमचं होईलच. त्याची किंमत मात्र कोपऱ्यात बसून आत्याबाईंनी भरली.